दहा शिलिंगांची बाटली

1716 च्या सुमारास लंडनमध्ये ‘ओनानिया’ नावाचं एक निनावी पुस्तक निघालं. हस्तमैथुन हे पाप तर आहेच, पण त्याने शरीरही आतून पोखरलं जातं, असा त्याचा सूर होता. पाठदुखी, विसरभोळेपणा, मंद दृष्टी, मूल न होणं, सगळ्याचं खापर एकाच सवयीवर फोडलेलं. नुसतं पाप असतं तर पश्चात्तापावर भागलं असतं, आणि पश्चात्ताप फुकट असतो. लेखकाने पापाचा रोग केला, त्यामुळे त्याला औषधही सांगता आलं. बळ देणारा एक अर्क, दहा शिलिंगांना बाटली. वंशवृद्धीचं एक चूर्ण, बारा शिलिंगांना पुडी. त्या काळी लंडनमधल्या साध्या मजुराला आठवडाभर राबून जवळपास एवढेच पैसे मिळत.

पुस्तक तुफान खपलं. नव्या आवृत्त्यांत वाचकांची पत्रं वाढत गेली आणि पुस्तक जाड होत गेलं. पत्रांचा साचा ठरलेला: कोवळ्या वयातल्या चुकीची कबुली, मग लक्षणांची यादी, मग औषधाची मागणी किंवा गुण आल्याबद्दल आभार. थॉमस लाकर या इतिहासकाराच्या मते हा निनावी लेखक जॉन मार्टेन नावाचा शल्यवैद्य असावा. गुह्यरोगांवर लिहायचं आणि त्यांचीच औषधं विकायची, हा त्याचा धंदा होता. लेखक कोणीही असो, त्याने बसवलेली घडी पक्की निघाली. आधी भीती घालायची, मग कबुली घ्यायची, गुप्ततेचं वचन द्यायचं आणि शेवटी बाटली पुढे करायची. पुढच्या तीनशे वर्षांत बाटलीच्या जागी काय काय आलं, त्याचा हा माग आहे.

‘ओनानिया’ला भोंदूगिरी म्हणून हसता आलं असतं. पण 1760 मध्ये तिसो या प्रतिष्ठित स्विस डॉक्टरने याच विषयावर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला आणि हसण्याची सोय राहिली नाही. एक औंस वीर्य गेलं तर चाळीस औंस रक्त गेल्याइतका अशक्तपणा येतो, असा हिशेब त्यात होता. चाळीस हा आकडा आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे आपल्याकडे पारावर, तालमीत आणि वसतिगृहात पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं आहे. कोणी कोणाकडून घेतलं याचा छडा लावण्यात मला रस नाही. शरीरातला ऐवज मोजका आहे आणि तो सांडतो आहे, ही कल्पना दोन्हीकडे मुळातच होती.

आपल्याकडचं मूळ आयुर्वेदात आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे सात धातू. एकातून पुढचा तयार होत जातो आणि शुक्र सगळ्यांत शेवटी येतं, म्हणून ते सगळ्यांत मोलाचं. उसात रस, दह्यात तूप किंवा तिळात तेल असावं तसं ते अंगभर भरलेलं आहे, असं चरकसंहिता सांगते. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण, म्हणजे कामशक्तीची चिकित्सा, हे एक, पण त्याचा रोख गृहस्थावर आणि संततीवर होता. दूध, तूप, उडीद असल्या पौष्टिक खाण्याला त्यात मोठी जागा आहे. स्वप्नात वीर्य गेलं म्हणून एखाद्या सतरा वर्षांच्या पोराने टपालाने गोळ्या मागवाव्यात, ही त्या ग्रंथांतली गोष्ट नव्हे. त्यासाठी छापखाना लागला आणि पोस्टमन लागला.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांनी या भीतीला रीतसर निदान मिळवून दिलं. माँपेलिएचा प्राध्यापक लालमाँ याने 1836 पासून तीन खंड लिहून आपोआप होणाऱ्या वीर्यस्रावाचा एक रोगच उभा केला. इंग्लंडमध्ये त्याची साथ पसरली म्हणायला हवं, कारण त्याबद्दल वाचलं की लक्षणं दिसू लागत. लालमाँचा इलाज असा, की मूत्रमार्गात नळी घालून आतली त्वचा सिल्व्हर नायट्रेटने भाजून काढायची. हे करणारे डॉक्टर पदवीधर होते. त्यामुळे भोंदूंच्या दारात गर्दी का होई, हे वेगळं सांगायला नको; भोंदू निदान भाजत तरी नव्हता.

लंडनमधल्या डॉ. काह्न यांच्या शरीररचनेच्या संग्रहालयात पैसे भरून आत जायचं, मेणाच्या पुतळ्यांवर रोगांनी झालेली दुर्दशा बघायची आणि घाबरंघुबरं होऊन बाहेर पडताना सल्लागाराला गाठायचं, अशी सोय होती. मग विजेचे पट्टे आले. तांबं आणि जस्त यांच्या कड्या गुंफलेला पुल्वरमाखरचा पट्टा कमरेला बांधला की हरवलेली शक्ती परत येते, अशा जाहिराती अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर छापून येत. वीज हे तेव्हाचं सर्वांत ताजं विज्ञान होतं. या बाजाराची ही खोड पुढेही कायम राहिली. जुन्या कल्पनेला चिकटून न बसता तो दर पिढीत प्रयोगशाळेतला नवा शब्द उचलतो.

सर जेम्स पॅजेटसारख्या मोठ्या शल्यवैद्याने 1870 च्या दशकात स्वच्छ लिहून ठेवलं होतं, की हस्तमैथुनाने होणारा अपाय तितक्याच प्रमाणातल्या संभोगाहून जास्त नसतो. ते विद्यार्थ्यांपुढचं व्याख्यान होतं. पट्ट्याची जाहिरात रोजच्या पेपरात होती.

हिंदुस्थानात 1877 मध्ये टपालखात्याने व्ही.पी.पी. सुरू केली. पार्सल दारात आल्यावर पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे. लाजेच्या दुखण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था नव्हती. वैद्याला तोंड दाखवायला नको, गावातल्या दुकानदाराला नाव कळायला नको. जामनगरचे वैद्य मणिशंकर गोविंदजी यांच्या ‘आतंक निग्रह’ गोळ्या देशभरच्या नियतकालिकांतून झळकू लागल्या. अशा जाहिरातींत सोबत कामशास्त्रावरची पुस्तिका मोफत देण्याची रीत होती. पुस्तिका फुकट, भीती फुकट, गोळ्यांना पैसे. ‘ओनानिया’त जी विद्या होती तीच ही, फक्त एक फरक. लंडनमध्ये पुस्तक विकत घ्यावं लागे.

इथली भीती नुसती व्यापाऱ्यांनी पेरली असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. राष्ट्र दुबळं झालं आहे आणि तरुणांनी शक्ती साठवली पाहिजे, ही त्या काळची कळकळ होती. तालमी, व्यायामशाळा, ब्रह्मचर्यावरच्या पुस्तिका, गांधीजींचे संयमावरचे लेख, सगळं एकाच हवेतलं. वीर्यनाश म्हणजे मृत्यू, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी बहुधा देशभक्तीच्या पुस्तिकेत वाचलं आणि मग त्याच आठवड्यात मासिकाच्या शेवटच्या पानावर त्यावरचा उपायही पाहिला. संयम शिकवणाऱ्याला गोळ्या विकायच्या नव्हत्या. गोळ्या विकणाऱ्याला मात्र संयम शिकवणारा फार उपयोगी पडला.

आता ग्रंथींचा काळ. 1 जून 1889 रोजी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार हा बहात्तर वर्षांचा नामवंत शरीरशास्त्रज्ञ उभा राहिला आणि त्याने सांगितलं, की कुत्र्यांच्या आणि गिनिपिगांच्या वृषणांचा रस आपण स्वतःला टोचून घेतला असून तारुण्य परत आल्यासारखं वाटतं आहे. जिने चढता येतात, तासन्‌तास काम होतं, आणि मूत्राची धारही पूर्वीपेक्षा पाव हिस्सा लांब जाते. हे शेवटचं त्याने खरोखर मोजलं होतं. त्याचा रस पाण्यात काढलेला होता आणि पुरुष-संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणजे सुईतून गेला तो बहुतांशी विश्वास. तो पुढे पाच वर्षांत वारला. तोवर युरोप-अमेरिकेत त्याच्या रसाच्या कुप्या विकल्या जाऊ लागल्या होत्या.

त्याच्यामागून व्हिएन्नाचा श्टाइनाख आला. एका बाजूची वीर्यनलिका बांधून टाकली की वृषणातलं सत्त्व बाहेर न जाता शरीराला मिळतं, असा त्याचा सिद्धांत. 1923 मध्ये फ्रॉइडने ही शस्त्रक्रिया करून घेतली, 1934 मध्ये कवी येट्सने. इथे आपल्या वाचकाला थोडं थांबावंसं वाटेल. श्रीमंत युरोपीय पुरुष जवानी परत यावी म्हणून पैसे मोजून जे करून घेत होते, ते म्हणजे अर्धी नसबंदी! पुढे आणीबाणीत हीच नलिका दोन्ही बाजूंनी बांधली जाणार म्हटल्यावर मर्दानगी जाईल या धास्तीने माणसं गावं सोडून रानात लपली. नस तीच, व्हिएन्नात ती बांधल्याने ताकद येई, आपल्याकडे जाई.

पॅरिसच्या व्होरोनॉफने जून 1920 मध्ये माकडाच्या वृषणाचे काप माणसात बसवायला सुरुवात केली आणि तो बेसुमार श्रीमंत झाला. पण या सगळ्यांचा खरा वारस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या मिलफर्ड या खेड्यात होता. जॉन ब्रिंकली तिथे शेतकऱ्यांना बोकडाच्या ग्रंथी बसवत असे; शस्त्रक्रियेचा दर 750 डॉलर. 1923 मध्ये त्याने स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. श्रोत्यांची दुखण्याची पत्रं तो हवेवरून वाचून दाखवी आणि औषधाचा नुसता क्रमांक सांगे. ते औषध त्याच्याशी जोडलेल्या दुकानांतच मिळे. 1930 मध्ये त्याचा परवाना गेला. त्याच वर्षी तो राज्याच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि निवडून येता येता राहिला. मग मेक्सिकोच्या हद्दीत जाऊन त्याने आणखी मोठं केंद्र उभारलं. 1939 मध्ये मॉरिस फिशबाइन या वैद्यकीय संपादकावर केलेला बदनामीचा दावा त्याच्यावरच उलटला आणि 1942 मध्ये तो कफल्लक अवस्थेत मेला.

1935 मध्ये टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं आणि प्रयोगशाळेत तयारही झालं. माकड आणि बोकड सुटले. ग्रंथी हा शब्द मात्र बाजारात राहिला. बर्लिनच्या ‘ओकासा’ गोळ्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत थाटात जाहिरात करत: पुरुषांसाठी चांदीच्या, बायकांसाठी सोन्याच्या.

त्याच काळात, त्याच मुंबईत, रघुनाथ धोंडो कर्वे एक मासिक चालवत होते. विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी संततिनियमनाच्या प्रचारापायी गेली होती. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत रेटलं. वाचक त्यांना खाजगी शंका विचारत आणि ते छापील उत्तरं देत. हस्तमैथुनाने काही बिघडत नाही, त्याच्या धास्तीने बिघडतं, हे सांगायला त्यांना आडपडदा नव्हता. ‘ओनानिया’ला येत तशीच ही पत्रं, पण उत्तरात बाटली नव्हती. अशा प्रश्नोत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या शंकांना दिलेली उत्तरं सरकारला खुपली होती. कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार मागे टाकून आलेला देशपातळीवरचा हा नेता, खपाने किरकोळ अशा एका मासिकातल्या गुह्य शंकांसाठी न्यायालयात युक्तिवाद करत होता. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्याआधी 1931 मध्ये एका लेखावरून शंभर झालाच होता.

शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती चालूच होत्या. त्यांत ‘पुरुषत्व’ आणि ‘नवजीवन’ असे सभ्य शब्द असत, तर कर्वे अवयवांची नावं घेत. मला या सगळ्या इतिहासात याहून बोलका प्रसंग सापडत नाही. गुपित राखणाऱ्याला बाजार मोकळा होता, दंड गुपित फोडणाऱ्याला झाला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दुसऱ्या टोकाला हात घातला. 1954 चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, पुढल्या एप्रिलपासून लागू. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा किंवा वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, आणि पुढे परिशिष्टात नावानिशी आजारांची यादी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दिल्लीचा हमदर्द दवाखाना आणि इतर काही जण याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले; त्यांचं म्हणणं, हा भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे. डिसेंबर 1959 मध्ये न्यायालयाने काही तरतुदी कापल्या, पण अशा औषधांची व्यापारी जाहिरात म्हणजे विचारांचा प्रसार नव्हे, असं म्हणून कायद्याचा कणा शाबूत ठेवला.

कायदा आजही आहे. लोकलने दादर सोडून कल्याणकडे जाताना रुळांच्या कडेच्या भिंती वाचल्या की तो किती आहे तेही कळतं. बालपणीच्या चुका, नामर्दी, स्वप्नदोष, शीघ्रपतन, खाली मोबाइल नंबर.

कायदा झाल्यावर काही वर्षांतच, 1960 मध्ये, मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी या रुग्णांच्या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. तरुण मुलगा, बहुधा अविवाहित किंवा नुकतं लग्न झालेला. थकवा, झोप नाही, भूक नाही, आणि लघवीतून धात, म्हणजे वीर्य, जाते अशी खात्री. तपासण्यांत काही सापडत नाही. लघवी कधी दुधाळ दिसते ती बऱ्याचदा फॉस्फेटमुळे, आणि शौचाला जोर करताना येणारा चिकट थेंब प्रोस्टेटचा असतो. जडीबुटीवाल्याला हे ठाऊक असो वा नसो, काचेच्या ग्लासात लघवी धरून उजेडात दाखवण्याची त्याची कला यावरच चालते. बरीच वर्षं हा खास आपल्या संस्कृतीतला आजार मानला गेला. 2004 मध्ये श्रीलंकेच्या सुमतिपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी युरोपीय पुस्तकं पुढे ठेवून विचारलं, की मग लालमाँच्या रुग्णांना काय झालं होतं? पश्चिमेकडे ही धास्ती ओसरली, इथे टिकली, एवढाच फरक.

टिकली याचं कारण अज्ञान, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण या औषधांनी खरोखर गुण येतो, हे विसरून चालणार नाही. ताठरता ही इतकी मनाच्या ओंजळीत असते, की विश्वासाने घेतलेली खडीसाखरसुद्धा काही दिवस काम करते. म्हणून आभाराची सगळी पत्रं खोटी नसतात. आणि ज्याला गुण येत नाही तो तक्रार करत नाही. ग्राहक मंचात उभं राहून कशाची तक्रार मांडायची? वस्तू सदोष असली तरी बोभाटा होत नाही, असा दुसरा धंदा शोधून सापडणार नाही.

27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत व्हायग्राला मान्यता मिळाली. छातीच्या दुखण्यासाठी तपासलं जाणारं हे औषध भलत्याच ठिकाणी गुणकारी ठरलं होतं. लिंगातल्या रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या रसायनाचं विघटन ते रोखतं. थोड्याच वर्षांत भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. वाटलं होतं, आता जडीबुटीवाल्यांचे रस्त्याकडेचे तंबू उठतील. उलट, जडीबुटीच्या पुड्यांत हीच गोळी कुटून मिसळली जाऊ लागली. ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत न सांगता घातलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, निघाल्याचे इशारे अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन वर्षानुवर्षं देत आलं आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब यामुळे जीवघेणा घसरू शकतो. आणि ज्याची ताठरता खरंच जाते त्याला हृदयविकार किंवा मधुमेह असण्याचा संभव मोठा. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात आणि छातीत दुखण्याच्या दोन-चार वर्षं आधी इशारा देतात. तंबूतला माणूस त्या इशाऱ्यावर पुडी बांधतो.

पुड्यांचे भावही काळाबरोबर वाढले. नोव्हेंबर 2025 मध्ये बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याने पोलिसांत दिलेल्या तक्रारीची बातमी आली. लैंगिक समस्येसाठी तो आधी रीतसर दवाखान्यात गेला होता. मग रस्त्याकडेच्या तंबूतल्या ‘गुरुजीं’नी त्याला एक दुर्मीळ बुटी सांगितली, भाव ग्रॅमला 1 लाख 60 हजार रुपये. ती एकाच दुकानात मिळेल, एकट्यानेच जायचं, पैसे रोखीत. घरच्यांकडून घेतलेले पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून सुमारे 48 लाख रुपये गेले, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा झाल्याचं तपासणीत आढळलं, असं तक्रारीत म्हटलं होतं. ठरावीक दुकानाची ही युक्ती ब्रिंकलीची, हे त्या गुरुजींना माहीत असण्याचं कारण नाही.

अभियंता असूनही फसला, असं लोक म्हणाले. शिकलेल्यांसाठी वेगळी पेठ आहेच. आज तिथला शब्द आहे पुनरुज्जीवन: मूळ पेशी, ध्वनिलहरींचे धक्के, स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सची सुई. वातानुकूलित दवाखाना, पांढरा कोट, पाच-सहा बैठकींचं पॅकेज. यातलं काही उद्या खरंही ठरेल. संशोधन चालू आहे आणि ते व्हायला हवं. पण 2023 मध्ये मायामीच्या डॉक्टरांनी प्लेटलेट्सची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली, त्यात काहींना प्लेटलेट्स टोचल्या आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी. महिन्यानंतर दोन्ही गटांतल्या निम्म्याहून जास्त पुरुषांना लक्षणीय फरक जाणवला, आणि दोन गटांत म्हणण्यासारखा भेद निघाला नाही. उत्तर अमेरिकेतल्या लैंगिक वैद्यकाच्या संघटनेने त्याच्या काही वर्षं आधीच सांगून ठेवलं आहे, की धक्क्यांचे आणि मूळ पेशींचे असे उपचार संशोधनाच्या चौकटीतच व्हावेत आणि रुग्णाकडून संशोधनाच्या किमान खर्चापलीकडे काही घेऊ नये.